चोवीस मूर्ती आणि एक कप चहा

शंख, चक्र, गदा, पद्म. विष्णूच्या चार हातांतल्या या चार वस्तू. कुठल्या हातात काय आहे यावरून मूर्तीचं नाव ठरतं: केशव, नारायण, माधव, गोविंद अशी चोवीस नावं. आमचे आजोबा रोज सकाळी संध्येला बसले की ती ओळीनं म्हणायचे. नावं चोवीसच का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ‘हात चार आहेत म्हणून’ एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर पुरेसं होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पहिल्या हातात चारांपैकी कुठलीही वस्तू ठेवता येते, दुसऱ्यासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्याला उरेल ती. चार गुणिले तीन गुणिले दोन: चोवीस.

हाच हिशोब भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मधल्या ‘लीलावती’त, ‘अंकपाश’ नावाच्या शेवटच्या प्रकरणात घातला आहे. हरीच्या चार हातांबरोबर त्यांनी शंभूचे दहा हातही घेतले. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधं दहा हातांत अदलाबदल करून ठेवली तर मूर्ती किती होतील? उत्तर आहे ३६,२८,८००.

दर सेकंदाला एक मूर्ती पाहायची ठरवली, तर हरीची सगळी रूपं चोवीस सेकंदांत पाहून होतात. शंभूची पाहायला बरोबर बेचाळीस दिवस लागतात. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. आता वीस हातांचा रावण घ्या (हे उदाहरण लीलावतीतलं नाही, माझं आहे) आणि प्रत्येक हातात वेगळं शस्त्र द्या. शंभूपेक्षा हात फक्त दुप्पट झाले. पण सेकंदाला एक या वेगानं सगळे रावण पाहून व्हायला सुमारे ७,७०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं आहे, म्हणजे एवढ्या वेळात विश्वाची साडेपाच आयुष्यं होतील.

लीलावतीत स्थानांची नावं परार्धापर्यंत दिलेली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. विश्वाचं वय सेकंदांत मोजलं तर साडेचार परार्धही भरत नाही. रावणाच्या मूर्ती चोवीस परार्ध होतात. आणि घरातला पत्त्यांचा कॅट घेतला, तर बावन्न पानांच्या मांडण्यांची संख्या अडुसष्ट आकडी आहे. तिथे परार्धाचाही पाड लागत नाही. पत्ते नीट पिसून तुम्ही जो क्रम हातात धरता, तो पृथ्वीवर आजवर कुणाच्याही हातात आलेला नाही, हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं. सुट्टीतल्या दुपारी, चटईवर, पोरांच्या हातून अशी अपूर्व गोष्ट डावागणिक घडत असते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला. त्याचा शिलालेख तिथे आहे, आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. त्याच वर्षी झुरिकमध्ये रुडॉल्फ क्लॉझियस यांनी ‘एंट्रॉपी’ हा शब्द घडवला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात योसेफ लोश्मिट यांनी हवेच्या रेणूचा आकार पहिल्यांदा हिशोबानं काढला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरी मला १८६५ हे साल फार आवडतं. मोजायची जुनी रीत, मोजायची वस्तू आणि मोजून जे हाती येणार होतं त्याचं नाव, तिन्ही एकाच वर्षी जगापुढे आली. पण ती जोडणारं माणूस यायला अजून बारा वर्षं होती.

क्लॉझियस यांच्या हाती वाफेच्या इंजिनाचा प्रश्न होता. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये तो मांडला होता: उष्णतेपासून काम किती काढता येतं? त्यातून पुढे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आला. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, उलट कधी जात नाही. क्लॉझियस यांनी उष्णतेला तापमानानं भागून एक राशी काढली, तिला एंट्रॉपी म्हटलं, आणि सांगितलं की सगळं जमेला धरलं तर ती कधीही घटत नाही. नियम पक्का होता. पण ही राशी नेमकं काय मोजते, हे त्यांच्या सूत्रात कुठेच दिसत नव्हतं.

ते सांगितलं लुडविग बोल्ट्झमन यांनी, १८७७ मध्ये. आणि त्यासाठी त्यांनी जे उदाहरण घेतलं ते पाहून मी थक्क झालो, कारण ते उघडउघड अंकपाशातलं गणित आहे.

सात रेणू घ्या आणि ऊर्जेचे सात दाणे घ्या. दाणा फोडता येत नाही. सात जणांत सात दाणे किती तऱ्हांनी वाटता येतील? सगळे एकालाच दिले तर तो एक कुठला, याचे सात पर्याय. प्रत्येकाला एकेक दिला तर पर्याय फक्त एक. आता तिघांना काहीच नाही, दोघांना एकेक, एकाला दोन आणि एकाला तीन, अशी वाटणी घ्या. हे म्हणजे ०, ०, ०, १, १, २, ३ हे अंक सात घरांत मांडणं झालं. सारखे अंक असले की काय करायचं, हे लीलावतीत सांगितलेलं आहे. भास्कराचार्यांचं तिथलं उदाहरण २, २, १, १ या अंकांचं आहे: चार अंकांच्या मांडण्या चोवीस, पण दोन दोन सारखे म्हणून दोनदा दोननं भागायचं, उत्तर सहा. त्याच रीतीनं इथे सात अंकांच्या मांडण्या ५,०४०. तीन शून्यांसाठी सहानं भागा, दोन एकांसाठी दोननं भागा. उत्तर ४२०.

वाटणीचे असे एकूण पंधरा प्रकार होतात आणि सगळ्या मिळून मांडण्या १,७१६. त्यातल्या जवळजवळ पाव मांडण्या या एकाच प्रकारच्या.

भास्कराचार्यांना ऊष्मागतिकी माहीत होती असा दावा यावरून कुणी करू नये. त्यांच्या मनात उष्णता नव्हती आणि बोल्ट्झमन यांच्यासमोर लीलावती नव्हती. पण मोजणी ही मोजणी असते. आयुधांची असो की ऊर्जेच्या दाण्यांची. आणि एंट्रॉपी म्हणजे अशी मोजणी, याहून वेगळं काही नाही. शाळेत आपल्याला ‘एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ असं शिकवलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. अव्यवस्था बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. बाहेरून एकसारखी दिसणारी स्थिती आतून किती तऱ्हांनी घडू शकते, ही संख्या मात्र कुणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही.

आता बोल्ट्झमन यांच्याच सात रेणूंच्या दोन टोळ्या शेजारी शेजारी ठेवू. एक गरम, तिच्याकडे सात दाणे. एक गार, तिच्याकडे एकच दाणा. गरम टोळीच्या मांडण्या १,७१६, गार टोळीच्या सात. प्रत्येक मांडणीची प्रत्येकीशी जोडी लावता येते, म्हणून दोघींच्या मिळून १२,०१२. एक दाणा गरम टोळीकडून गारकडे जाऊ द्या. गरम टोळीच्या मांडण्या ९२४ वर येतात, पण गार टोळीच्या सातावरून अठ्ठावीस होतात. गुणाकार २५,८७२. एकीचं झालं त्याहून दुसरीचं भलं कितीतरी जास्त झालं. दोघींकडे चार चार दाणे आले की गुणाकार ४४,१०० होतो, आणि तीच सगळ्यात मोठी संख्या आहे. उलट, गार टोळीनं आपला एकुलता दाणाही गरम टोळीला देऊन टाकला, तर मांडण्या उरतात फक्त ३,००३.

दुसरा नियम एवढाच आहे. दाण्यांना कुणी ढकलत नाही. गरम काय नि गार काय, त्यांना कळत नाही. ते इकडून तिकडे आंधळेपणानं फिरतात, आणि ज्या बाजूला मांडण्या जास्त, त्या बाजूला सापडतात. उलटा प्रवास निषिद्ध नाही. त्याच्या ३,००३ वाटा मोकळ्या आहेत. चौदा रेणूंच्या जगात उष्णता अधूनमधून गाराकडून गरमाकडे जाताना सहज दिसेल.

अशा उलट्या गोष्टी खरोखर दिसतातही. २००२ मध्ये कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी लेझरच्या चिमट्यात पकडलेला एक सूक्ष्म मणी पाण्यातून ओढला. मण्याची रुंदी मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढी. काही वेळा त्या मण्यानं भोवतालच्या पाण्याकडून ऊर्जा उचलली आणि एंट्रॉपी घटली. सेकंदाच्या काही अंशापुरती, कधी दोनेक सेकंदांपर्यंत. नियम मोडला असं नाही. मोजणीचा नियम आहे, आणि संख्या लहान असल्या की असं होणारच.

मग माझ्या टेबलावरचा चहा निवून पुन्हा उकळी का घेत नाही?

कपात दीडशे मिलिलिटर चहा आहे, पाणीच समजू. त्यात सुमारे पाच कोटी परार्ध रेणू आहेत. तो ८० अंशांवरून खोलीच्या ३० अंशांवर आला. या निवण्यात ३१,४०० जूल ऊर्जा कपातून खोलीत गेली. साठ किलोच्या माणसाला सतरा-अठरा मजले वर उचलायला पुरेल एवढी ही ऊर्जा आहे, आणि त्यातला एक जूलही नष्ट झालेला नाही. सगळी इथेच आहे, भिंतींत, हवेत, टेबलाच्या लाकडात. ती परत गोळा होऊन कपात शिरली तर ऊर्जेच्या हिशोबात एका पैचीही चूक निघणार नाही.

आता क्लॉझियस यांचा भागाकार करू. निवताना चहाची एंट्रॉपी ९६ एककांनी घटली. तीच उष्णता घेऊन खोलीची १०३.६ एककांनी वाढली, कारण खोली गार आहे आणि गार टोळीला दाण्याचा लाभ जास्त होतो. फरक ७.७. दिसायला किती किरकोळ आकडा! पण हे एकक आपल्या मापाचं आहे, रेणूंच्या मापाचं नाही. रेणूंच्या मापात आणायला बोल्ट्झमन स्थिरांकानं भागावं लागतं, आणि तो एवढा लहान आहे की दशांशचिन्हानंतर बावीस शून्यं गेल्यावर पहिला अंक येतो. भागून पुन्हा मांडण्यांकडे वळलं की उत्तर मिळतं: चहा निवल्यामुळे कप आणि खोली यांच्या एकत्र मांडण्या जितक्या पटींनी वाढल्या ती संख्या म्हणजे एकावर २४ लाख परार्ध शून्यं.

हे वाक्य मी स्वतः तीनदा वाचलं. २४ लाख परार्ध ही ती संख्या नव्हे. ती संख्या लिहायला लागणाऱ्या शून्यांची ही संख्या आहे. कागदाच्या पट्टीवर दोन मिलिमीटरला एक शून्य याप्रमाणे लिहीत गेलं, तर पट्टी सुमारे पन्नास हजार प्रकाशवर्षं लांब होईल. आपल्या आकाशगंगेचं केंद्र इथून सव्वीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. म्हणजे शून्यं लिहीत लिहीत आकाशगंगेच्या केंद्राशी जायचं आणि तशीच लिहीत जवळजवळ घरापर्यंत परत यायचं. चौदा रेणूंच्या खेळात ही वाढ पावणेचार पटींच्याही आत होती. एका कपात ती इतकी झाली. चहा आपोआप पुन्हा ८० अंशांवर जाणं अशक्य नाही. पण त्याची शक्यता म्हणजे त्या सबंध पट्टीवरच्या संख्येत एक.

बोल्ट्झमन यांना हे समजावून सांगताना आयुष्यभर झगडावं लागलं. पहिला आक्षेप १८७६ मध्ये लोश्मिट यांनीच घेतला होता, ज्यांनी रेणूचा आकार काढला त्यांनीच. दोघे एकमेकांचे स्नेही होते. रेणूंच्या गतीचे नियम उलटसुलट दोन्ही दिशांना सारखेच चालतात. सगळ्या रेणूंचा वेग उलटा केला तर घडलेलं सगळं उलगडत मागे जाईल, मग एंट्रॉपी एकाच दिशेनं का वाढावी? प्रश्न अस्सल होता, आणि मला वाटतं की त्याच प्रश्नानं बोल्ट्झमन यांना १८७७ च्या त्या सात रेणूंपर्यंत नेलं. पुढे १८९६ मध्ये झेर्मेलो नावाच्या तरुण गणितज्ञानं दुसरी अडचण दाखवली: पुरेसा वेळ दिला तर बंद पेटीतला वायू आपल्या मूळ स्थितीच्या जवळ परत येतोच. बोल्ट्झमन म्हणाले, येतो, पण वेळ किती लागेल तो मोजा. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी एक दशांश लिटर भांड्यात मिसळलेले दोन वायू घेतले. ते आपोआप वेगळे व्हायला लागणारी वर्षं एकावर हजार कोटी शून्यं या संख्येच्याही कितीतरी पलीकडे जातात. एवढ्या काळात एखाद्या मोठ्या देशातली सगळीच्या सगळी घरं निव्वळ योगायोगानं एकाच दिवशी जळून जाण्याचे प्रसंगही अनेकदा येऊन जातील. तरीही विमा कंपन्या ती शक्यता विचारात न घेता उत्तम चालतात, असं त्यांनी लिहिलं आहे.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये एका पत्रात हेच समुद्राच्या भाषेत सांगितलं: पेलाभर पाणी समुद्रात ओतलं की तेच पेलाभर पाणी परत काढता येत नाही, आणि दुसरा नियम तेवढाच खरा आहे. हा पेला मोजण्यासारखा आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांचं पाणी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यांनी मोजलं, तर ६७ हजार परार्ध पेले भरतात. एका पेल्यातले रेणू ६ कोटी ७० लाख परार्ध. भागाकार बरोबर हजार येतो. म्हणजे तुमचा पेला सगळ्या समुद्रांत नीट मिसळला, आणि मग मालवणला, मादागास्करला, कुठेही जाऊन पेला भरला, तर तुमच्या मूळ पाण्यातले हजारेक रेणू त्यात असतील. सगळीकडे हजार, आणि सगळे एकत्र कुठेच नाहीत. पाणी हरवलेलं नसतं. फक्त असण्याच्या जागा वाढलेल्या असतात.

बोल्ट्झमन यांच्या हयातीत अणूंवरच विश्वास नसलेले मोठे शास्त्रज्ञ होते. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, ट्रिएस्टजवळच्या डुइनो गावी, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. मनाचा आजार जुना होता. नुसत्या वादांवर त्याचा बोजा टाकणं बरोबर नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांतच फ्रान्समध्ये झां पेराँ यांच्या प्रयोगांनी अणू-रेणूंचं अस्तित्व वादापलीकडे नेलं, आणि ते पाहायला बोल्ट्झमन नव्हते, याचं मला अजून वाईट वाटतं. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांच्या अर्धपुतळ्याच्या वर एक सूत्र कोरलेलं आहे: एस = के लॉग डब्ल्यू. एस म्हणजे एंट्रॉपी, डब्ल्यू म्हणजे मांडण्यांची संख्या, के म्हणजे तो इवलासा स्थिरांक. या रूपात ते सूत्र प्रथम लिहिलं माक्स प्लांक यांनी. लॉग घ्यायचा म्हणजे साधारणपणे संख्या बाजूला ठेवून तिच्यातली शून्यं मोजायची. आपण पट्टीवर तेच केलं.

इथे थांबता आलं असतं. पण ज्या प्रश्नानं माझी झोप उडवली तो पुढेच आहे. चहा निवतो का, हे कळलं. मुळात तो गरम कसा होता?

गॅसवर ठेवला म्हणून. गॅस आला खनिज तेलातून, तेल आलं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांतून, आणि ते जगले सूर्यप्रकाशावर. सूर्य आपल्याला ऊर्जा देतो असं आपण म्हणतो, पण हिशोब पाहिला तर गोष्ट वेगळी आहे. पृथ्वी सूर्याकडून दर सेकंदाला सुमारे सव्वा परार्ध जूल ऊर्जा शोषते, आणि जवळपास तेवढीच अवकाशात परत टाकते. ठेवून घेतलं असतं तर आपण कधीच भाजून निघालो असतो. फरक पडतो तो नाण्यांच्या मोडीत. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनला तापलेला, तिथून येणारा प्रकाशाचा कण भारदस्त असतो. पृथ्वी अवकाशाला परत देते ते अवरक्त किरणांचे हलके कण. आलेल्या एका कणामागे साधारण वीस कण परत जातात. ऊर्जा तीच, पण एकाचे वीस झाले की त्यांच्या मांडण्या अफाट वाढतात. एक बंदी नोट येते आणि तिची चिल्लर होऊन जाते. या मोडीतच गवत उगवतं, पाऊस पडतो, बैल नांगर ओढतो आणि आपण विचार करतो. बी रुजून झाड होणं, हे मांडण्या घटवण्याचं काम वाटतं. पण त्या एकास वीसच्या व्यवहारात झाडाचा खर्च कित्येक पटींनी भरून निघतो.

मग सूर्य एवढा तापलेला आणि भोवतीचं आकाश एवढं गार, हे कसं? विरळ वायूचा ढग गुरुत्वाकर्षणानं आकसला म्हणून. इथे आपली नेहमीची समजूत उलटते. पेटीतला वायू पसरतो, कारण पसरण्यात मांडण्या जास्त. पण वस्तुमान प्रचंड असलं आणि गुरुत्वाकर्षण जमेला धरलं, तर गोळा होण्यातच मांडण्या जास्त असतात. आणि गोळा होण्याची शेवटची पायरी म्हणजे कृष्णविवर. १९७०च्या दशकात याकोब बेकेन्स्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवराची एंट्रॉपी काढली. रेणूंच्या मापात सूर्याची आजची एंट्रॉपी एकावर ५८ शून्यं एवढी भरते. तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर केलं, तीन किलोमीटर त्रिज्येचं, तर ती होते एकावर ७७ शून्यं. लक्षात ठेवायचं की ही मांडण्यांची संख्या नाही. पट्टीवरच्या शून्यांची साधारण संख्या आहे.

आपली पट्टी आकाशगंगेच्या ज्या केंद्राशी जाऊन वळली, तिथे ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर बसलेलं आहे. त्याची एंट्रॉपी एकावर नव्वद शून्यांच्या घरात जाते. महास्फोटानंतरचा जो मंद प्रकाश सगळ्या आकाशात भरून राहिला आहे, त्याची दिसणाऱ्या सबंध विश्वातली एंट्रॉपी एकत्र केली तरी ती या एका कृष्णविवरापेक्षा कमी भरते. एका बाजूला सगळं आकाश आणि दुसऱ्या बाजूला एक काळा ठिपका, आणि ठिपक्याचं पारडं जड.

यावरून रॉजर पेनरोझ यांनी एक हिशोब मांडला. दिसणाऱ्या विश्वातलं सगळं द्रव्य एकाच कृष्णविवरात गेलं तर एंट्रॉपी एकावर १२३ शून्यं एवढी होईल. विश्वाला एवढं होण्याची मुभा होती. पण सुरुवातीला ते तसं मुळीच नव्हतं. तेव्हाचं द्रव्य जवळजवळ सपाट पसरलेलं होतं. इथे आणि तिथे फरक होता तो लाखात एक भागाचा. गुरुत्वाकर्षणाच्या जगात असं सपाट असणं म्हणजे सातही रेणूंना नेमका एकेक दाणा मिळण्यासारखं आहे. शक्य असलेल्या सगळ्या मांडण्यांमधून अशी सुरुवात योगायोगानं हाती येण्याची शक्यता किती? एक भागिले अशी संख्या, जिच्यात एकावर शून्यं आहेत, आणि त्या शून्यांची संख्या एकावर १२३ शून्यं आहे.

आता पट्टी चालत नाही. दिसणाऱ्या विश्वातल्या प्रत्येक अणूच्या गाभ्यातल्या प्रत्येक कणावर एकेक शून्य कोरलं, तरी एकावर ८० शून्यं एवढीच शून्यं कोरून होतील. उरलेली कोरायला अशी आणखी विश्वं लागतील, आणि त्यांची संख्या एकावर ४३ शून्यं. तरीही विश्व तसंच सुरू झालं. का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पेनरोझ यांचं एक म्हणणं आहे, इतरांचं दुसरं. सूर्य तापला, तेल साठलं, गॅस पेटला, तो सगळा त्या सपाट सुरुवातीचा साठा उतरत आला म्हणून. त्या साठ्यातला एक थेंब आज सकाळी माझ्या कपात होता.

चहा निवला आहे. त्याची ऊब टेबलात, भिंतीत, हवेत गेली. तिच्यातला काही भाग रात्री छपरावरून अवरक्त किरण होऊन वर जाईल. ढग नसले तर सव्वा सेकंदात चंद्राच्या अंतरापलीकडे, आणि मग उणे २७० अंशांच्या आकाशात, जिथे जागा अजून पुष्कळ आहे.